बंद म्हणायचं, मग चालू म्हणायचं

सुरतेत आम्ही ज्या खोलीत साड्यांचे फोटो काढतो तिला खिडकी नाही. वारा नाही, धूळ यायला वाट नाही, दिवसभर एसी चालू असतो. तरीही लेन्स बदलायच्या आधी मी कॅमेऱ्याचा खटका बंद करते आणि तोंडानं "बंद" म्हणते. नवी लेन्स बसली की खटका सुरू करते आणि "चालू" म्हणते. सोबत काम करणारी दोन मुलं हसतात. त्यातला एक तर हात जोडून उभा राहतो. "दीदी, मंत्र हो गया? अब साडी का फोटो निकालें?"

ती दोघं कधीच बंद करत नाहीत. एका हातानं लेन्स पिळून काढतात, दुसऱ्या हातानं दुसरी बसवतात, बाटलीचं झाकण बदलावं तसं. त्यांचं काही बिघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

बंद करावा की नाही, हे मी पुष्कळांना विचारलंय. कुणी म्हणतं, आत वीज खेळत असली की धूळ ओढली जाते. कुणी म्हणतं, हे सगळं थोतांड. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तकात बंद करा असं लिहिलंय म्हणे. ते पुस्तक इंग्रजीत आहे आणि माझी शाळा नववीत सुटली, म्हणून "म्हणे". इथल्या दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं तर ते डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, "बंद किया तो अच्छा है. नहीं किया तो भी चलता है." असल्या उत्तरानं माझ्यासारखीचं भागत नाही. मी गॅस बंद केला का हे पाहायला दोनदा जिना चढून परत जाणारी बाई आहे.

मला ही सवय अकोल्यात लागली. लावणारी बाई या हिवाळ्यात गेली. तिच्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तिला सांगायला हवी होती.

माझं गाव चांदूर रेल्वेजवळ. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझं एसटीनं शाळेत जाणं थांबलं. आई बरी झाली की जाईन, असं सगळ्यांना सांगत होते. आई बरी झाली नाही. ती गेल्यावर भावाच्या संसारात मी जास्तीची झाले, तेव्हा मावशी आली आणि माझी पिशवी स्वतःच उचलून मला अकोल्याला घेऊन गेली. मावशी जुन्या शहरात राहायची, साड्यांना फॉल लावायची. तिच्या दारासमोर आपाचा, म्हणजे मला ही सवय लावणाऱ्या बाईचा, फोटो स्टुडिओ होता.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, निळा पडदा, एक स्टूल आणि भिंतीवर आरसा. पासपोर्ट फोटो काढायला लोक यायचे. पण आपाचं खरं काम लग्नांचं. आमच्या भागात पुष्कळ मुसलमान घरांत लग्नाच्या वेळी बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. आपाचे मिया फोटोग्राफर होते. त्यांनी तिला हाताखाली शिकवलं होतं, ते असल्यापासूनच लेडीज साइड तीच सांभाळायची, ते गेल्यावर दुकानही. बाळापूरपासून मूर्तिजापूरपर्यंत तिला बोलावणं यायचं.

त्या कामाची एक रीत होती. दाराशी बायकांचे मोबाइल पिशवीत जमा व्हायचे. आत फक्त आपाचा कॅमेरा. आणि निघताना आपा कॅमेऱ्यातलं कार्ड, आधीच्या काळात रीळ, काढून नवरीच्या आईच्या हातात ठेवायची. स्वतःकडं एकही फोटो ठेवायचा नाही, काढलेला पुन्हा पाहायचा नाही. "एक कार्ड, एक घर," ती म्हणायची. लोक तिच्यावर आपल्या लेकीसुनांचा भरवसा टाकायचे तो यामुळंच. म्हणून तीस वर्षं लग्नं केलेल्या बाईच्या दुकानात दाखवायला एकाही लग्नाचा फोटो नव्हता. भिंतीवर फक्त सरकारी पासपोर्ट साइजचं माप चिकटवलेलं.

तिला लाइट धरायला बाई पाहिजे होती. मावशीनं मला पुढं केलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि तेवीस वर्षांत मला कुणी काही धरायला दिलं नव्हतं, भांडी सोडून.

"हात दुखते," आपा म्हणाली.

"दुखू द्या," मी म्हणाले.

ती मावशीकडं वळली. "पोरगी बोलते बरी. टिकते काय पाहू."

आपाकडं कॅमेरा एकच आणि लेन्सा दोन. एक रुंद, घोळक्याच्या फोटोंसाठी. एक लांब, दुरून चेहरा टिपायला. एका लग्नात वीसपंचवीस वेळा अदलाबदल व्हायची, आणि प्रत्येक वेळी तेच. पंख्याकडं पाठ करायची. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं. मी माझी ओढणी तंबूसारखी धरायची आणि विचारायचं, "बंद?" आपा अंगठ्यानं खटका चाचपून म्हणायची, "बंद." मग लेन्स निघायची, दुसरी बसायची, टक असा आवाज यायचा. मी विचारायचं, "चालू?" तिचा अंगठा हलायचा. "चालू."

"विचारनारी तू," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी कामात भुलून जातो. तू भुलू नको."

मी कधी भुलले नाही. बिर्याणीचं ताट हातात असलं तरी विचारायचे. एकदा एका दुल्हनच्या नानीनं मला थांबवून विचारलं, "बेटी, ये क्या चालू-बंद, चालू-बंद? लिफ्ट है क्या?" आपा इतकी हसली की तिचा हात हलला आणि तो फोटो वाया गेला.

एकदा कॅमेरा पुसताना मी कारण विचारलं. "आपा, बंद नाही केला तर काय होते?"

"मले काय माहीत? आमचे मिया करत होते."

"अन त्याइले कोनं सांगतलं?"

"त्याइच्या उस्तादनं. उस्तादले विचाराचं असन तर कब्रस्तानात जा लागते. जातं काय?"

मग तिनं एक किस्सा सांगितला. डिजिटल कॅमेरा नवा घेतला तेव्हा मियांनी एकदा भर उन्हाळ्यात, अंगणात, वारा सुटलेला असताना घाईत बंद न करता लेन्स काढली. काळ्या मातीचा एक कण आत जाऊन बसला. प्रत्येक फोटोत त्याच जागी बारीक ठिपका. घोळक्याच्या फोटोत तो कुणाच्या शालूत हरवला, पण दुल्हनच्या जवळच्या सगळ्या फोटोंत नेमका तिच्या वरच्या ओठावर आला. "तिची सास अल्बम घेऊन आली ना दुकानात! म्हने, पोरीले तीळ हाय हे लगनाच्या आधी काहून नाही सांगतलं?"

तो कण बंद न केल्यामुळं गेला की वाऱ्यामुळं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारलं असतं.

तिनं मला काय काय शिकवलं हे लिहायला बसले तर संपणार नाही. कॅमेऱ्यातले आकडे वाचायला शिकवले, उजेड आधी चेहऱ्यावर पाहायचा, मग कॅमेऱ्यात, हे शिकवलं. दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून फ्लॅश पडून फुटला. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आता घरी पाठवणार म्हणून. ती वाकून तुकडे गोळा करत म्हणाली, "तुले लागलं काय?" मी नाही म्हणाले. "मंग रडतं काहून? झाडू आन." त्या एका वाक्यासाठी मी तिची आयुष्यभराची मिंधी आहे.

तीन वर्षांनी तिच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी माझ्यापेक्षा थोडी लहान, गणितात एम.एस्सी. झालेली, मला ताई म्हणायची. मुलगा अमरावतीचा. हॉल जुन्या शहरातलाच. आता नवरीची आई फोटो कसे काढणार?

"तू काढशीन," आपा म्हणाली.

"मले नाही जमत, आपा. दुसऱ्या कोनाले बोलवा."

"जमते. तीन वरसं मी काय आंधळ्यावानी तुह्याकडं पाहून राहिलो काय?"

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बॅटऱ्या तपासत होते तेव्हा ती येऊन शेजारी बसली. हातांना मेंदी होती, म्हणून बोटं फाकवून धरलेली. तिनं कधी स्वतःचा फोटो काढू दिला नव्हता. कुणी मोबाइल समोर धरला की ओढणी ओढून घ्यायची, म्हणायची, फोटो काढणाऱ्या बाईचा कोण फोटो काढते. आधार कार्डासाठी बसली होती, तेवढंच. त्या सकाळी ती मेंदीकडं पाहत म्हणाली, "पोरगी निघते ना संध्याकाळी, तवा माहा अन तिचा एक काढजो. एकच. लांबवाली लेन्स लावून दुरून काढजो. जवळ नको येऊ. मले लाज वाटते."

मी हो म्हणाले. बॅटऱ्या पुन्हा एकदा मोजल्या.

लाइट धरायला मावशी होती. मावशीनं दिवसभर लाइट चांगलाच धरला, फक्त तोंड दुसरीकडं असायचं. कुणाच्या ब्लाउजची बाही कशी चुकलीय, कुणाचा फॉल कसा उसवलाय, हे ती लाइट धरून बायकांना सांगत होती. लेन्स बदलताना मी स्वतःच विचारायचे, स्वतःच खटका पाहायचे, स्वतःच उत्तर द्यायचे. मावशी म्हणाली, "एकटीच काय बोलून राहिली वो? नजर लागली काय तुले?" पण दिवसभर नीट निभावलं. दुपारपर्यंत मला वाटायलाही लागलं की जमतंय.

ऊन उतरल्यावर रुखसतीची, मुलीच्या पाठवणीची, वेळ झाली. दाराशी बायकांचा घोळका, मधे मुलगी, तिच्या मागं आपा. मी रुंद लेन्सनं दोनतीन घोळक्याचे काढले. मग आपानं माझ्याकडं पाहून हलकी मान हलवली. मी मागं सरकले, पंधरा पावलं. पंख्याकडं पाठ केली. कॅमेरा खाली, वर ओढणी. "बंद?" अंगठ्यानं चाचपलं, बंद. रुंद काढली, लांब बसवली. टक.

"चालू?" मी विचारलं.

आणि उत्तर यायची वाट न पाहता कॅमेरा डोळ्याला लावला. तीन वर्षं माझं काम विचारायचं होतं. मी विचारलं, माझं काम झालं. खटका सुरू करणारा अंगठा आपाचा होता, आणि आपा पंधरा पावलांवर दोन्ही मेंदीच्या हातांत मुलीचं तोंड धरून उभी होती.

तो कॅमेरा जुन्या धाटणीचा. बंद असला तरी डोळा लावला की समोरचं दिसतं. म्हणून मला सगळं दिसलं. थोडं धूसर, पण दिसलं. आपानं मुलीच्या कपाळावर ओठ टेकले. मग मुलीच्या खांद्यावर हनुवटी ठेवून सरळ माझ्याकडं पाहिलं. ओढणी सरकली होती, तिनं सावरली नाही. तिचं कपाळ मी पहिल्यांदा पूर्ण पाहत होते. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मला वाटलं कॅमेरा मेला. मग वाटलं बॅटरी. मी खालचं झाकण उघडून बॅटरी काढली, दुसरी घालताना ती हातातून पडली, उचलून घातली, मावशी म्हणाली, "काय झालं वो?" मी पुन्हा डोळा लावला. आपा तशीच होती. माझ्याकडं पाहत. तीस वर्षं लोकांना हलू नका म्हणणारी बाई, स्वतः हलत नव्हती.

खटक्याकडं माझं लक्ष गेलं तेव्हा नणंदा मुलीला गाडीकडं नेत होत्या. चालू केला. समोर नुसत्या पाठी होत्या.

गाडी गेल्यावर आपा माझ्याजवळ आली. डोळे पुसलेले, आवाज बसलेला.

"निघाला काय?"

मी म्हणाले, "निघाला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि हात पुढं केला. मी कार्ड काढून दिलं. तिनं ते रुमालात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाणाऱ्या नातेवाइकांकडं मुलीसाठी दिलं. उघडून पाहिलं नाही. "एक कार्ड, एक घर," ती म्हणाली. "माह्यं घर असलं म्हनून काय झालं?"

उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी हॉलची भांडी परत करायची होती. परवा ती थकलेली होती. मग एक ऑर्डर आली. मग ईद आली. मी सकाळी दुकान झाडताना वाक्य तयार करायचे, "आपा, तो फोटो," आणि ती आत यायची, आणि माझ्या तोंडून निघायचं, "चहा ठेवू?" तिनं त्या फोटोबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, ती तिची रीत पाळतेय. मनातल्या मनात मी त्या रीतीचे आभार मानत होते.

अशी अडीच वर्षं गेली. पुढं तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली. पाच-सहा तास उभं राहणं होईना. तिनं लग्नं घेणं थांबवलं, आणि मावशीच्या ओळखीतून माझं सुरतेचं काम तिनंच पक्कं करायला लावलं. "अठी निळ्या पडद्यापुढं बसून काय करशीन? जा. तठी पोटापुरतं भेटन." निघायच्या दिवशी तिनं लांब लेन्स माझ्या पिशवीत घातली. मी नको नको म्हणत होते. "आता मले काय कामाची? ने. पन बंद करून बदलवजो."

ती दुकानाच्या दारात उभी होती, एक हात चौकटीला. दुपारचा उजेड गल्लीतून तिच्या चेहऱ्यावर अर्धा पडलेला, असा उजेड की तिनंच मला तो ओळखायला शिकवला होता. गळ्यात माझा स्वतःचा नवा कॅमेरा होता. मला वाटलं, आता काढू. मग वाटलं, मी काढू का म्हटलं तर ती म्हणेल, एक हाय ना माहा, तू काढला तो. मग मी काय बोलू? मी वाकून पाया पडले आणि रिक्षात बसले.

या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. "ताई, अम्मी गेली." महिन्याभरानं पुन्हा आला. थोडं इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, "तुह्याजवळ अम्मीचा एखादा फोटो असन काय? कामावरचा, कसाही. आधारवरचा हाय, पन त्याच्यात अम्मी वाटतच नाही."

"पाहतो," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पाहायला काही नव्हतं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी मागितली आणि सुरतेहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीत बसले. पिशवीत कॅमेरा आणि आपाची लेन्स का घातली, सांगता येणार नाही. सकाळी अकोला आलं. प्लॅटफॉर्मवर उतरावं असं वाटलं, पण कुणाकडं? मावशीही आता मुलाकडं पुण्याला असते.

मुलगी अमरावतीत राजापेठेत एका शिकवणी वर्गात गणित शिकवते. मी खाली उभी राहिले. वरून पोरांचा लोंढा उतरला, गाड्यांचे हॉर्न, आणि त्या सगळ्यांतून ती आली, हाताला खडू लागलेला. चालण्यात आपा. मी हात केला. तिनं स्कूटीवर बसवून घरी नेलं. नवरा कामावर, घरात दोघीच. चहा येईपर्यंत मी थांबले नाही.

"बाई, तुह्या लगनात आपाचा अन तुहा फोटो काढाचा होता. तो निघालाच नाही. कॅमेरा बंद होता. मी आपाले खोटं सांगतलं."

एवढंच वाक्य होतं. सहा वर्षं मी ते तयार करत होते.

तिनं उठून गॅसवरचा चहा आणला, कप माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "मले माहीत हाय, ताई."

"कसं?"

"कार्ड पाह्यलं ना मी. पहिल्याच हप्त्यात. अम्मीले फोन केला, म्हटलं सगळे हायत, आपल्या दोघीचाच नाही. अम्मी म्हने, नाहीच निघाला तो. मी कान देऊन उभी होतो, फोटो निघाचा आवाजच नाही आला."

मला ते कधी सुचलंच नव्हतं. तीस वर्षं ज्या आवाजावर ती जगली तो आवाज आला की नाही, हे तिला कळणार नाही, असं मला कसं वाटलं?

"मंग मले विचारलं काहून, निघाला काय म्हनून?"

"ते मले काय माहीत?" अगदी आपासारखंच म्हणाली. मग आवाज उतरवून, "म्हने, ते पोरगी भेते. सांगाचं असन तवा सांगन. तू तिले काही बोलू नको."

"अन दुसरा काहून नाही काढाले लावला? मी तठीच होतो. रोज होतो."

तिनं खडूचा हात ओढणीला पुसला. "मी म्हटलं होतं तसं. अम्मी म्हने, दुसरा काढ म्हटलं तर तिले समजते ना, पहिल्याचं मले माहीत हाय म्हनून. लाजीनं काम सोडून जाईन."

मी भीत होते म्हणून बोलले नाही. मी भीत होते म्हणून ती बोलली नाही. अडीच वर्षं आम्ही एका खोलीत, कॅमेरा दोघींच्या मधे ठेवून, रोज चहा प्यालो. लोक लेन्स बदलताना बंद करायचं की नाही यावर वाद घालतात तेव्हा मला त्या खटक्याचा राग येत नाही. तो तर मी मिनिटभरात चालू केला होता.

मुलगी उठली आणि कपाटातून, कपड्यांच्या घडीखालून एक पाकीट काढलं. आत एकच छापलेला फोटो. मी रुंद लेन्सनं काढलेला, त्या क्षणाच्या आधीचा. घोळका, दार, आणि आपा मुलीच्या ओढणीला मागून पिन लावतेय. पाठमोरी. मान खाली घातलेली, ओढणीतून निसटलेली पांढरी बट, हाताची मेंदी.

"हाच हाय," ती म्हणाली. "तोंड नाही. पन पिन लावाची पद्धत तिचीच हाय."

आम्ही दोघी त्याच्याकडं पाहत बसलो. चहा निवला. ती एकदा आत जाऊन तोंड धुऊन आली.

मग तिनं विचारलं, "अम्मीची लेन्स हाय काय तुह्यापाशी?"

मी पिशवीतून काढली. कॅमेऱ्यावर दुसरी होती, ती बदलायची होती. मी पंख्याकडं पाठ केली, कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं, ओढणी वर घेतली. तेवढ्यात मागून ती म्हणाली, "बंद?"

दुकानाच्या मागच्या खोलीत गणितं सोडवत तिनं लहानपणापासून ते ऐकलं होतं. आधी बापाचं, मग आईचं आणि माझं.

मी अंगठ्यानं खटका चाचपला. "बंद."

टक.

"चालू?"

मी खटका पुढं केला, मागं केला, पुन्हा पुढं केला. "चालू."

ती खिडकीपाशी उभी राहिली. ओढणी सारखी करायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. मी भिंतीपर्यंत मागं सरकले. तिच्या हातात ते पाकीट होतं. मी दाबलं.

"आला आवाज," ती म्हणाली.

तो एकच काढला. मग कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. ती म्हणाली, "राहू दे ना, मोबाइलवर पाठवजो." मी नाही म्हणाले. तिनं मूठ मिटली.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. अकोल्याला गाडी पाच मिनिटं थांबली. चहावाला आला, गेला. कॅमेरा मांडीवर होता, आत कार्ड नव्हतं, पुढं आपाची लेन्स. बंद होता. मी दोनदा पाहिलं.